स्पॅनिशमध्ये सल्ला कसा द्यायचा, इच्छा कशी सांगायची: सब्जंक्टिवबद्दल कोकणातून येणारे नेहमीचे प्रश्न

रत्नागिरी, मालवण, दापोली, अलिबाग, या पट्ट्यातून स्पॅनिश शिकणारी मंडळी तीन प्रकारची. बोटीवर जाणारी पोरं, होमस्टेवाले, आणि घरबसल्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली. पहिले काही महिने सगळं झकास चालतं, मग सब्जंक्टिव, म्हणजे इच्छा, सल्ला, शंका सांगणारं क्रियापदाचं रूप, येतो आणि क्लास अर्धा रिकामा होतो. प्रश्न तेच तेच येतात म्हणून एका जागी लिहून ठेवतेय.

आधी सांगा, हे देवनागरीत लिहिलेलं स्पॅनिश वाचायचं कसं?

जसं लिहिलंय तसं. आपला त आणि द स्पॅनिशला इंग्लिशपेक्षा कितीतरी जवळचा आहे, त्यामुळे मजेत वाचा. व कुठे दिसणार नाही कारण तिथे बी आणि व्ही दोन्हीचा उच्चार ब सारखाच होतो. रोमन जे (J) या अक्षराला मी ह लिहिलाय, स्पेनमध्ये तो घशातून खरखरीत येतो. स च्या बाबतीत मी लॅटिन अमेरिकेची पद्धत घेतलीय. परीक्षेला मात्र रोमन स्पेलिंग लागणारच, ते वहीत वेगळं करा.

सब्जंक्टिव हा काळ आहे का? भूतकाळ, भविष्यकाळ तसा?

नाही. काळ सांगतो कधी, आणि सब्जंक्टिव सांगतो की ही गोष्ट घडते म्हणून मी सांगत नाहीये, ती घडावी असं मला वाटतंय, किंवा मी तुला तसं सुचवतोय, किंवा मला तिची शंका आहे. शाळेत मराठीच्या व्याकरणात क्रियापदाचे अर्थ शिकवले होते, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ, आठवतंय का? तेच खातं. आणि सब्जंक्टिवचे स्वतःचे परत काळ असतात, वर्तमान, भूत वगैरे, ते पुढे येईल.

म्हणजे मराठीत हे आहेच?

आहे, आणि माझं सगळं म्हणणं इथेच आहे. लोक इंग्लिशमधून स्पॅनिश शिकतात, आणि इंग्लिशमध्ये हा प्रकार जवळजवळ झिजून गेलाय, म्हणून इंग्लिश पुस्तकं सब्जंक्टिवला राक्षस करून ठेवतात. आपल्याकडे तो घरात रोज वापरात आहे. बघा:

पाऊस पडतो. पाऊस पडावा. पाऊस पडो.

पहिलं वाक्य बातमी आहे. दुसऱ्यात इच्छा आहे, तिसऱ्यात देवाला घातलेलं साकडं आहे. स्पॅनिशमध्ये पहिल्याला युएबे म्हणतात आणि दुसरं-तिसरं दोन्हीला युएबा. बस, शेवटचा स्वर बदलला की बातमीची इच्छा झाली, जसं आपल्याकडे पडतोचं पडावा झालं. देवळात गाऱ्हाणं घालताना म्हाराजा सगळ्यांची भरभराट होवो म्हटलं की मागून होय म्हाराजा येतं ना, ते होवो म्हणजे अस्सल सब्जंक्टिवचं काम. त्यामुळे सब्जंक्टिव कुठे लावायचा हे विचारायला इंग्लिशच्या दारात जाऊ नका, तेच वाक्य आधी मराठीत म्हणा आणि क्रियापद ऐका. यावं, जावंस, करावी, पडो, मिळो असं काही कानावर आलं की दहातल्या आठ वेळा स्पॅनिशमध्ये सब्जंक्टिव.

उरलेल्या दोन वेळा मराठी फसवते. त्या जागा खाली वेगळ्या सांगितल्यात, त्या जास्त लक्ष देऊन वाचा.

रूप बनवायचं कसं? तक्ता पाठ करायचा का?

तक्ता नंतर बघा, आधी युक्ती. वर्तमानकाळातलं मी चं रूप घ्या, शेवटचा ओ काढा, आणि उलटा स्वर लावा. मूळ रूपाच्या शेवटी आर असलेल्या क्रियापदांना ए, आणि एर, ईर वाल्यांना आ. आब्लो (मी बोलतो) चं आब्ले, कोमो (मी खातो) चं कोमा, बीबो (मी जगतो) चं बीबा. मिरवणुकीत बीबा ओरडतात ना, ते हेच, चिरंजीव होवो.

मी च्या रूपापासून सुरुवात का, तर विचित्र क्रियापदांचा विचित्रपणा तिथेच दिसतो आणि मग तो आपोआप सगळीकडे येतो. तेंगो वरून तेंगा, आगो वरून आगा, दीगो वरून दीगा, साल्गो वरून साल्गा, बेंगो वरून बेंगा. म्हणजे ज्याला वर्तमानकाळ नीट येतो त्याचं अर्धं काम झालेलं असतं, आणि ज्यानं मी ची रूपं हलक्यात घेतली त्याला इथे परत मागे जावं लागतं, त्याला इलाज नाही.

मग माणसाप्रमाणे शेपूट: आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेन. मी आणि तो चं रूप सारखंच, संदर्भावरून कळतं.

युक्तीत न बसणारी किती?

सहा. आणि ती का बसत नाहीत तेही सोपं आहे, त्यांचं मी चं रूप ओ ने संपतच नाही. सोय, बोय, एस्तोय, दोय, से, ए. काढायला ओ च नाही शेवटी. तर सेर चं सेआ, इर चं बाया, एस्तार चं एस्ते, दार चं दे, साबेर चं सेपा, आबेर चं आया. बाया ऐकून पहिल्या दिवशी सगळा क्लास हसतो, हसून घ्या, लक्षात तरी राहतं.

पुस्तकात बुस्कार, येगार, पागार ही पण अनियमित म्हणून दिलीयत.

कानाला ती अनियमित नाहीतच. बुस्को, बुस्के. येगो, येगे. पागो, पागे. क चा क राहिला, ग चा ग राहिला. फक्त रोमन लिपीत सी किंवा जी च्या पुढे ई आला की उच्चार बदलतो, तो बदलू नये म्हणून स्पेलिंगमध्ये सी चं क्यू-यू करतात आणि जी नंतर यू घालतात. बोलायला काही फरक नाही, लिहायला लक्ष ठेवा.

आणि मधला स्वर फुटतो ती?

किएरो वरून किएरा, पुएदो वरून पुएदा, पण आम्ही च्या रूपात परत मूळ स्वर येतो, केरामोस, पोदामोस. ईर वाल्यांचं मात्र आम्ही मध्येही थोडं हलतं: दोर्मीर चं दुर्मामोस, पेदीर चं पिदामोस, सेंतीर चं सिंतामोस. यावर फार वेळ घालवू नका, कानाला सवय झाली की येतं.

इच्छा सांगताना दरवेळी सब्जंक्टिव? मला जायचंय यात पण?

नाही, आणि हा नियम मराठी माणसाला फुकटात मिळालाय. मला जायचंय आणि तू जावंस असं मला वाटतं, ही दोन वाक्यं आपण कधी तरी मिसळतो का? नाही. इच्छा माझी आणि जाणार पण मीच, तर किएरो इर, साधं मूळ रूप. इच्छा माझी पण जाणार तू, तर किएरो के बायास. मध्ये के (म्हणजे आपलं की) आला आणि माणूस बदलला की सब्जंक्टिव.

किएरो के यो बाया असं म्हणणारे असतात, म्हणजे मी मी जावं असं मला वाटतं, मराठीत म्हणून बघा किती येडचाप वाटतं ते.

मला वाटतं म्हणजे क्रेओ के ना? मग क्रेओ के बायास का चुकतं?

हा फसवणुकीचा पहिला अड्डा. मराठीतलं वाटतं दोन कामं करतं. मला वाटतं गाडी लेट आहे, हे माझं मत, म्हणजे बातमीच, जरा कच्ची. मला वाटतं तू जावंस, ही माझी इच्छा किंवा सल्ला. वाटतं तेच आहे पण पुढचं क्रियापद वेगळं. स्पॅनिशमध्ये दोघांना दोन वेगळी क्रियापदं लागतात. मत असेल तर क्रेओ के एल त्रेन येगा तार्दे, साधं वर्तमान. इच्छा असेल तर किएरो के बायास. आणि जरा मवाळ सल्ला असेल तर क्रेओ के देबेरियास इर, मला वाटतं तू जायला हवंस, यात सब्जंक्टिव नाहीच. म्हणून वाटतं कडे बघू नका, त्याच्या पुढे काय आहे ते बघा.

नकारात मात्र गंमत होते. नो क्रेओ के बेंगा, तो येईल असं मला वाटत नाही, इथे सब्जंक्टिव येतो कारण आता बातमी सांगणं थांबलं आणि शंका सुरू झाली.

आशा आहे की तू येशील, हे तर भविष्यकाळ. मग भविष्यकाळच लावू?

दुसरा अड्डा. मराठीत आशा म्हटली की मागून येशील, होईल, मिळेल असा भविष्यकाळ येतो. स्पॅनिशमध्ये एस्पेरो के च्या मागून सब्जंक्टिव घ्या, त्यांच्या लेखी आशा म्हणजे इच्छाच. एस्पेरो के बेंगास. एस्पेरो के एल त्रेन येगे आ तिएम्पो, गाडी वेळेवर येईल अशी आशा आहे (गणपतीत हे वाक्य तोंडपाठ असलेलं बरं). १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मग होड्या परत समुद्रात जातात, तेव्हा बाजाराच्या वाटेवर म्हणायचं, एस्पेरो के आया पेस्कादो फ्रेस्को, ताजी मासळी असेल अशी आशा.

मराठीत भविष्यकाळ दिसला आणि आधी आशा हा शब्द असला की हात आखडा, एवढं ध्यानात ठेवा.

त्याला यायला सांग, हे कसं म्हणायचं? दीले बेनीर?

तिसरा अड्डा, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच दिसतात. आपण यायला सांग, करायला सांग, बसायला सांग म्हणतो, मूळ रूपाच्या जवळचं काहीतरी, म्हणून दीले बेनीर तोंडात येतं. दीले नंतर स्पॅनिशमध्ये के आणि सब्जंक्टिव: दीले के बेंगा. अक्षरशः, त्याला सांग की त्यानं यावं. गाऱ्हाण्याच्या भाषेत विचार केला की जमतं.

आणि देसीर या क्रियापदाची खरी गंमत अशी की ते बातमीही देतं आणि हुकूमही सोडतं, फरक फक्त पुढच्या क्रियापदात. मी मामा दीसे के बाबू बिएने मान्याना, आई म्हणते बाबू उद्या येतोय. मी मामा दीसे के बाबू बेंगा मान्याना, आई म्हणते बाबूनं उद्या यावं. एका वाक्यात बाबूचं तिकीट काढून झालंय, दुसऱ्यात बाबूला अजून पत्ताच नाही. बाकी ठिकाणी सब्जंक्टिव चुकला तर समोरचा समजून घेतो, इथे चुकला तर निरोपच उलटा पोचतो.

सल्ला द्यायला कुठली क्रियापदं लागतात?

सुहेरीर म्हणजे सुचवणं, रेकोमेंदार म्हणजे शिफारस, आकोन्सेहार म्हणजे सल्ला देणं, प्रोपोनेर म्हणजे प्रस्ताव ठेवणं, पेदीर म्हणजे विनंती करणं. सगळ्यांचा साचा एकच: कोणाला (ते म्हणजे तुला, ले म्हणजे त्याला किंवा तुम्हाला), मग क्रियापद, मग के, मग सब्जंक्टिव. ते सुहिएरो के प्रुएबेस ला सोलकढी. ते आकोन्सेहो के साल्गास तेम्प्रानो, लवकर निघ असा माझा सल्ला आहे. ते पीदो के नो फूमेस आकी, इथे सिगारेट ओढू नकोस अशी विनंती.

आकोन्सेहार आणि रेकोमेंदार जरा सैल आहेत, त्यांच्यामागे साधं मूळ रूपही चालतं, ते आकोन्सेहो इर, तुला जायचा सल्ला देतो. पेदीरला सैल सोडू नका, तिथे के आणि सब्जंक्टिवच.

आणि कोणाचं नाव न घेता सल्ला द्यायचा असेल, आपल्याकडे लवकर निघालेलं बरं म्हणतात तसा, तर एस मेहोर के साल्गान तेम्प्रानो. एस इम्पोर्तान्ते के, आसे फाल्ता के यांच्या मागेही तेच. पण एस बेर्दाद के, म्हणजे खरं आहे की, याच्या मागे नाही, कारण खरं आहे म्हटलं की ती बातमी झाली.

ओहाला म्हणजे नक्की काय? क्रियापद आहे का?

क्रियापद नाही, त्याचं रूप बदलत नाही. देव करो आणि अमुक होवो, एवढा सगळा भार एकटा शब्द उचलतो. मागे के लावला तरी चालतो, नाही लावला तरी चालतो. आणि इथे माणूस बदलायची अट नाही, ओहाला पुएदा इर, मला जायला मिळो, माझी इच्छा माझ्यासाठीच, तरीही सब्जंक्टिव.

खरी मजा काळात आहे. आंब्याच्या बागवाल्याच्या तोंडून ऐकू. मार्चमध्ये झाडावर फळ आहे, आभाळाकडे बघून तो म्हणेल, ओहाला नो युएबा एन आब्रील, एप्रिलात पाऊस न पडो. अजून काही बिघडलेलं नाही, आशा जिवंत आहे, म्हणून वर्तमान सब्जंक्टिव. जुलैत तोच माणूस पडवीत बसून कंटाळलाय, बाहेर धो धो चालू आहे, तो म्हणेल, ओहाला नो योबिएरा तान्तो, एवढा पाऊस नसता तर बरं. पाऊस काय त्याचं ऐकणार नाही हे त्यालाही माहितीय, वस्तुस्थितीच्या उलट इच्छा आहे, म्हणून भूतकाळी सब्जंक्टिव, जरी बोलणं आत्ताचंच असलं तरी. आणि समजा अवकाळी येऊन गेला, फळ काळं पडलं, मग, ओहाला नो उबिएरा योबीदो, पडला नसता तर किती बरं झालं असतं. आता काही करता येत नाही. हे आपल्या शाळेतल्या संकेतार्थाच्या अगदी शेजारी जाऊन बसतं, पडला नसता तर, तीच रचना, तीच हळहळ.

चौथा एक प्रकार राहिला. ओहाला आया येगादो, पोचला असो म्हणजे झालं. गोष्ट घडून गेली असेल किंवा नसेल, आपल्याला अजून कळलेलं नाही. मुंबईहून रात्रीच्या गाडीला बसलेला मुलगा, सकाळी फोन लागत नाही, तेव्हाचं हे वाक्य.

भूतकाळी सब्जंक्टिव बनवायचा कसा?

साध्या भूतकाळातलं ते लोक चं रूप घ्या, शेवटचं रोन काढा, रा लावा. बिनिएरोन चं बिनिएरा, तुबिएरोन चं तुबिएरा, आब्लारोन चं आब्लारा, फुएरोन चं फुएरा. अपवाद एकही नाही, खरंच नाही, फक्त साधा भूतकाळ पक्का पाहिजे. रा च्या जागी से लावून पण एक रूप होतं, आब्लासे, तेही बरोबर, वाचताना ओळखता आलं की पुरे, बोलायला रा वापरा.

मग भूतकाळातला सल्ला, तुला यायला सांगितलं होतं, हे?

ते दीहे के बिनिएरास. सांगणं भूतकाळात गेलं की मागचा सब्जंक्टिवही भूतकाळात जातो. ते दीहे के बेंगास पण बऱ्याच ठिकाणी ऐकू येतं, विशेषतः येणं अजून बाकी असेल तर, पण परीक्षेत बिनिएरास लिहा.

तू आलास तर आवडेल, असं आदबीनं कसं सांगायचं?

मे गुस्तारिया के बिनिएरास. इथेही भूतकाळी रूप, पण अर्थ भूतकाळाचा नाही, फक्त जोर कमी केलाय. किएरो के बेंगास म्हणजे तू यावंस, सरळ. मे गुस्तारिया के बिनिएरास म्हणजे आलास तर बरं वाटेल बघ, नाही आलास तरी राग नाही. आपण पण आलास तर असं भूतकाळी रूपच वापरतो की. पाव्हण्याला आग्रह करायचा की नाही यावर कोकणात वेगळा अभ्यासक्रम होईल, पण भाषेपुरतं एवढं पुरे.

के ते बाया बिएन, यात किएरो कुठे गेलं?

गिळलं. किएरो किंवा एस्पेरो मनातल्या मनात, तोंडातून फक्त के पासून पुढे. शुभेच्छा आणि आशीर्वाद सगळे याच साच्यात. एस्टी सुटताना के ते बाया बिएन, तुझं चांगलं होवो. लांबच्या प्रवासाला के तेंगास बुएन बियाहे. झोपायला जाणाऱ्याला के देस्कान्सेस. तापानं पडलेल्याला के ते मेहोरेस. पानावर बसलेल्याला के आप्रोबेचे, अंगी लागो. वाढदिवसाला के कुम्प्लास मुचोस मास. आजी असेल तर के दिओस ते बेंदीगा. आणि गेलेल्या माणसाबद्दल के एन पास देस्कान्से.

यातलं व्याकरण कळायच्या आधीच हे पाठ करा. नवीन शिकणाऱ्यानं पहिल्या आठवड्यात के ते बाया बिएन म्हणायला काही हरकत नाही.

होमस्टेवर स्पॅनिश बोलणारे पाहुणे आले तर तू म्हणायचं की तुम्ही?

अनोळखी आणि वयानं मोठ्या माणसाला उस्तेद, ते स्वतः तसं म्हणाले तर उतरून तू वर या. उस्तेदला सल्ला म्हणजे तो चं रूप: ले रेकोमिएंदो के प्रुएबे ला सोलकढी. आणि पावसाळ्यात हे वाक्य तर भिंतीवर लावून ठेवा, ले सुहिएरो के नो से मेता आल मार, समुद्रात उतरू नका असं सुचवतो. गणपतीपुळ्यासारख्या किनाऱ्यावर सुचवत बसायला वेळ नसतो, तेव्हा नुसतं नो से मेता आल मार. तोही सब्जंक्टिवच आहे, कारण स्पॅनिशमध्ये नको वाला हुकूम सगळा सब्जंक्टिवच्या रूपात असतो, आणि उस्तेदला दिलेला होय वाला हुकूमसुद्धा. पासे म्हणजे आत या, दीगामे म्हणजे सांगा मला. तू ला मात्र होय वाला वेगळा, बेन म्हणजे ये, आणि नको म्हटलं की नो बेंगास.

तुम्ही अनेकजण असाल तर लॅटिन अमेरिकेत उस्तेदेस, ते लोक चं रूप. स्पेनमध्ये मित्रमंडळींना बोसोत्रोस, मग तेंगाइस, आब्लेइस अशी रूपं. अर्जेंटिना आणि उरुग्वेकडचे लोक तू ऐवजी बोस म्हणतात, पण इच्छा सांगताना के तेंगास हेच रूप सर्रास चालतं, तेव्हा घाबरू नका.

बोटीवर तर सगळं इंग्लिशमध्ये चालतं. मग ह्या सगळा कित्याक?

बरोबर आहे, कामाची भाषा इंग्लिशच. स्पॅनिश लागतं ते धक्क्याला लागल्यावर. स्पेनमधली बालेन्सिया, आल्हेसिरास ही बंदरं, पलीकडे लॅटिन अमेरिकेत काय्याओ, बाल्पाराइसो, बेराक्रूस, तिथले कामगार, एजंटचा माणूस, दुकानदार, टॅक्सीवाला. आणि त्यांच्याशी बोलणं म्हणजे नव्वद टक्के हे कर, ते करू नको, इथे सही पाहिजे. नेसेसीतो के फिर्मे आकी, तुम्ही इथे सही करायला हवी. किएरे के एस्पेरेमोस, आम्ही थांबावं असं त्याला वाटतंय. क्रियापदं दहा शिका पण सब्जंक्टिवसकट शिका, शंभर क्रियापदं नुसत्या वर्तमानकाळात शिकून धक्क्यावर उपयोग होत नाही.

सब्जंक्टिव टाळून सल्ला देता येतो का?

येतो, आणि सुरुवातीला खुशाल द्या. पोर के नो बामोस, आपण का जाऊ नये. पोद्रियास इर, तू जाऊ शकतोस. देबेरियास इर, तू जायला हवंस. इ सी बामोस, गेलो तर? यो के तू, म्हणजे मी तुझ्या जागी असतो तर, आणि मागे नो इरिया, गेलो नसतो. चल जाऊया ला तर बामोस च पुरे.

पण कायम यावरच भागवायला गेलात तर दुसऱ्याचं बोलणं कळणार नाही, कारण समोरचा काही तुमच्यासाठी टाळणार नाहीये.

परीक्षेत कुठल्या लेव्हलला येतो?

देले या स्पॅनिशच्या परीक्षेत वर्तमान सब्जंक्टिव बी१ या पायरीपासून अपेक्षित धरा, भूतकाळी रूपं त्यानंतर. ए१, ए२ या खालच्या पायऱ्यांना शुभेच्छांचे तयार साचे आणि हुकूम एवढं आलं तरी भागतं. ही परीक्षा इन्स्तितुतो सेर्बान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेची, त्यांचं केंद्र नवी दिल्लीत आहे.

पुस्तकात फुएरे, आब्लारे असं पण दिसलं.

भविष्यकाळी सब्जंक्टिव. मेलेला आहे. जुन्या म्हणींत आणि कायद्याच्या कागदांत उरलाय, कुठे दिसला तर ओळख दाखवून पुढे जा.

रोज सराव कसा करू?

व्यायामाच्या वह्या भरून फारसं होत नाही असं माझं मत. त्यापेक्षा घरात दिवसभर जे कानावर पडतं ते पकडा. आई म्हणते लाइट बंद कर. शेजारी म्हणतो यंदा मोहोर चांगला येवो. काका म्हणतात पोरानं बँकेची परीक्षा द्यावी. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न, बातमी आहे की इच्छा? इच्छा असेल तर कोणाची, आणि करणारा कोण? मग स्पॅनिश करा. काकांचं एकट्याचं दिवसभराचं बोलणं घेतलंत तरी सब्जंक्टिवचा सगळा धडा होतो.

पोचलास की फोन कर, यात पण सब्जंक्टिव आहे म्हणतात?

आहे, पण तो इच्छेचा नाही, अजून न घडलेल्या वेळेचा आहे. कुआन्दो येगेस, यामामे. मराठीत आपण तिथे पोचलास असं चक्क भूतकाळी रूप घालतो, म्हणून विध्यर्थ ऐकायची आपली युक्ती इथे चालत नाही आणि पोरं येगास म्हणून मोकळी होतात. कुआन्दो येगास म्हणजे तू नेहमी पोचतोस तेव्हा. एकदाच जायचंय आणि अजून निघायचंय, तर येगेस.